विचारले म्हणजे अविश्वास झाला का?

गेल्या जूनमधली गोष्ट आहे. शाळा उघडून दोन-चार दिवस झाले असतील. एका कामासाठी मी एका बालवाडीच्या कचेरीत बसलो होतो. तेवढ्यात खेड्यावरून एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू साडेतीन वर्षांचा. त्याचे आईबाप हैद्राबादला बांधकामावर गेलेले. नाव घालून झाले, फी भरून झाली, गणवेश कुठल्या दुकानात मिळतो तेही विचारून झाले. आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? लेकराला संडासला कोण नेतंय? तुम्ही वर्गात नसल्यावर त्याच्यापाशी कोण ऱ्हातंय? आन् ताप आला तर फोन कोणाला लावता?"

समोरच्या बाई काही वाईट नव्हत्या. कामसू होत्या, लेकरांवर माया करणाऱ्या होत्या. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, "आजी, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा? तसं असेल तर लेकरू घरीच ठेवा की." आजी ओशाळल्या. "तसं नव्हं माय," असे काहीतरी पुटपुटत, पदर सावरत निघून गेल्या. आणि मी काय केले? मी बाईंकडे पाहून हसलो. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना काय कळते, अशा अर्थाचे ते हसू होते.

घरी आल्यावर ते हसू मला टोचू लागले. आजींनी विचारलेले तीनही प्रश्न बरोबर होते आणि तीनांपैकी एकाचेही उत्तर त्यांना मिळाले नव्हते. फीचे उत्तर मिळाले, गणवेशाचे मिळाले, लेकराचे मात्र नाही. वर, विचारले म्हणून त्याच अपराधी ठरल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आज मला आपल्याशी एवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे. आपण ज्याच्या हाती लेकरू सोपवतो त्याला विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे का? आणि ज्याला विचारले जाते त्याने तो आपला अपमान समजावा का?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे घडले ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. एका शाळेच्या शिशुवर्गातल्या चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. आरोपी साफसफाईच्या कामावरचा पुरुष कर्मचारी होता, त्याच महिन्याच्या सुरुवातीला कंत्राटदारामार्फत लागलेला. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्याच्या कामाशी त्याचा संबंध यावा, हे कोणालाही वावगे वाटले नव्हते. मुलींनी घरी सांगितले. पालक शाळेकडे गेले, पोलिसांकडे गेले. तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास लागले. शेवटी २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडवून धरल्या. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. प्रकार कळूनही तो वेळेवर कळवला नाही म्हणून शाळेच्या जबाबदार माणसांवरही गुन्हा दाखल झाला.

आता जरा मागे जाऊन विचार करा. त्या शाळेच्या दारात जूनमध्ये एखादी आजी उभी राहिली असती आणि तिने विचारले असते की, पोरींना संडासला कोण नेतंय? तिला काय उत्तर मिळाले असते? मला वाटते, आमच्या त्या आजींना मिळाले तेच. आणि तिथेही माझ्यासारखा कोणीतरी बाजूला बसून हसला असता.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. अनेकांनी पेढे वाटले. खटला कधी चाललाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. मला त्या पेढ्यांचे वाईट वाटले, आणि त्याचे कारण फक्त सुळावरच्या चोराचीही विचारपूस करणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत एवढेच नाही. राग मोठा होता आणि तो रास्त होता. पण एक माणूस मेला म्हणून आपण सगळे मोकळे झालो. संडासला कोण नेतंय हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. शिक्षा मागायला रुळांवर हजारो माणसे उतरतात, आणि जून महिन्यात वर्गाच्या दाराशी प्रश्न विचारायला एकटी आजी असते.

सरकारने २१ ऑगस्ट २०२४ ला आदेश काढला. कॅमेरे लावा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. यातल्या समितीचा आदेश तर २०२२ पासूनच होता. कागद आपल्याकडे कधीच कमी पडला नाही. कमी पडते ते दुसरेच काही. माझ्या मते आपल्याला विचारायची लाज वाटते.

ही लाज येते कुठून? एक तर उपकाराच्या भावनेतून. गरीब माणसाच्या लेकराला कोणी शाळेत घेतले, वसतिगृहात ठेवले, दोन वेळा जेवू घातले, तर त्याला वाटते की आता आपण तोंड उघडू नये. आपल्या देगलूर-मुखेडच्या भागात हे फार आहे. दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागते. कोणी ऊसतोडीला, कोणी हैद्राबादकडे, कोणी वीटभट्टीवर. लेकरे आजी-आजोबांपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात जेवतात. सहा महिने आईबापाच्या डोळ्यांआड. ज्याच्याकडे पैसा आहे तो शाळा बदलू शकतो, शिकवणी लावू शकतो, रजा काढून वर्गाबाहेर उभा राहू शकतो. ऊसतोडीला गेलेल्या आईला विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्गच नाही. आणि ज्याला मार्गच नाही त्याच्या विश्वासाला आपण विश्वास म्हणावे का, हा मला पडलेला प्रश्न आहे. तो नाइलाज आहे. अशा नाइलाजाने सोपवलेल्या लेकराची जबाबदारी घेणाऱ्यावर दुप्पट येते. कारण विचारणारे कोणी नसते, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला विचारायचे असते.

दुसरी लाज जुनी आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना बाप मास्तरांना म्हणायचा, "मारा नाहीतर तारा, पोरगं तुमच्या हवाली." त्यात गुरूबद्दलचा आदर होता, तो मी नाकारत नाही. पण त्या वाक्याने बाप आपली अर्धी जबाबदारी शाळेच्या उंबऱ्यावर ठेवून जात असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने लेकरांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईला सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावल्या. ती आजारी पडली आणि आठवड्याभरात गेली. शिक्षेमुळेच ती गेली, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तिचा मृत्यू १४ नोव्हेंबरला झाला, बालदिनाच्या दिवशी. आजही आपल्यातले काहीजण शाळेत जाऊन म्हणतात, "सर, दोन द्या याला, आमचं ऐकत नाही." असे म्हणणाऱ्याने वसईच्या त्या घराची आठवण ठेवावी.

काही भाविक मला म्हणतील, एवढी काळजी कशाला, देव राखणारा आहे, रक्षक दूत सोबत आहेत. त्यांना मी शुभवर्तमानातले दोन प्रसंग आठवायला सांगेन. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर घेऊन गेला आणि म्हणाला, उडी टाक, दूत तुला झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असेच त्याने ठणकावले. कठडा नसलेल्या गच्चीवर लेकरांना खेळायला सोडून दूतांवर हवाला ठेवणे ही श्रद्धा नव्हे.

दुसरा प्रसंग तर आपल्या घरातलाच म्हणावा असा आहे. येशू बारा वर्षांचा असताना सणासाठी सगळे यरुशलेमला गेले. परत निघताना मरिया आणि योसेफ यांना वाटले, तो सोबतच्या मंडळींत असेल. एक अख्ख्या दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की तो नाही. मग नातेवाइकांत शोध, परत यरुशलेम, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. यात कोणी वाईट नव्हते. मरियेहून प्रेमळ आई नाही, योसेफाहून जबाबदार बाप नाही, सोबतीला सगळे गावकरी आणि भाऊबंद. तरी लेकरू मागे राहिले. का? कारण प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याचे लक्ष असेल. शाळेतही बहुतेक वेळा असेच होते. वर्गशिक्षिकेला वाटते मावशी बघतील, मावशींना वाटते शिपाई आहे, शिपायाला वाटते रिक्षावाला मोजून नेतो, आणि आईला वाटते शाळा आहे. आणखी एक गोष्ट पाहा. येशू सापडल्यावर मरियेने त्याला विचारले, तू असे का केलेस म्हणून. तिने प्रत्यक्ष देवपुत्राला जाब विचारला, आणि त्यात अविश्वास होता असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

सगळे संकट वाईट माणसापासूनच येते असेही नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली. जिना अरुंद होता. ९४ लेकरे गेली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ लेकरे दगावली. तेलात कीटकनाशक होते. तेल बरोबर वाटत नाही असे आपण बोलून दाखवले होते, पण तेच वापरायला सांगितले गेले, असे स्वयंपाकिणीने नंतर सांगितले. २०१६ मध्ये न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवले. १६ जुलै हा आपल्याकडे कार्मेल मातेचा सण. त्या दिवशी मला या दोन्ही शाळा आठवतात. विशेषतः ती स्वयंपाकीण. तिच्याकडे ना पदवी होती ना अधिकार, नाक मात्र शाबूत होते. तिचे ऐकले असते तर २३ घरे वाचली असती. कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये स्पष्ट सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. आपल्या राज्यात पोषण आहार वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखून वहीत सही करायची असते. त्या वहीतल्या महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत झालेल्या मी पाहिल्या आहेत. शाळेचे नाव सांगत नाही.

आता शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. एक तरुण शिक्षक मला म्हणाले, "पूर्वी लेकरू रडलं की जवळ घ्यायचो. आता हात लावायची भीती वाटते." अंगणवाडीतल्या ताईंचे हाल तर आपण जाणतोच. लेकरे सांभाळा, खाऊ वाटा, वजने घ्या, मोबाईलवर माहिती भरा, आणि मग वर लोकांचे प्रश्न. संशयाच्या नजरेखाली कोणाला प्रेमाने काम करता येईल? मला हे पटते. म्हणूनच पहाऱ्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

आपल्या मंदिरात दर रविवारी मिस्सा झाली की अर्पणाचे पैसे मोजले जातात. एकटा माणूस कधी मोजत नाही, दोघेतिघे बसतात, वहीत आकडा लिहितात, सह्या करतात. आजवर कोणा खजिनदाराने म्हटले आहे का, की माझ्यावर विश्वास नाही म्हणून दुसरा माणूस बसवता? उलट प्रामाणिक खजिनदार एकट्याने पेटी उघडायला नकारच देईल. दुसरा माणूस सोबत असला म्हणजे पैसा सुरक्षित राहतो, आणि खजिनदाराचे नावही. मग दहा-वीसच्या नोटा मोजायला आपण दोघे बसवतो आणि चार वर्षांचे लेकरू बंद दाराआड एकाच्या हाती देतो, हे कसे? उघडे दार, दोन मोठी माणसे, नोंदवहीत सही, या गोष्टी त्या तरुण शिक्षकालाही हव्याच आहेत. त्याच्या मायेवर कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून. ज्याला विचारलेले चालते त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो, असे मला वाटू लागले आहे.

हे सांगताना आपल्या ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवून चालणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात उघड झाले की लेकरांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते. मग देशामागून देशात तेच निघाले. हलवणारी माणसे बहुतेक भाविक होती. त्यांना पवित्र सभेचे नाव जपायचे होते. आईबापांनी विचारले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, फादरांवर संशय घेता? म्हणजे आजींना मिळालेलेच उत्तर, फक्त ते देणाऱ्याच्या अंगावर झगा होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हा आदेश काढून असे प्रकार वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर बंधनकारक केले. आपल्या देशाचा कायदा त्याच्याही आधीचा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे आहे. दडपणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडपला तर ती जास्त आहे. संस्थेची आब, विश्वस्तांची चर्चा, गावातली बैठक, हे सगळे त्याच्या नंतर. १०९८ हा क्रमांक लेकरांसाठीच आहे आणि तो लेकराला स्वतःलाही पाठ असायला हवा.

आणखी एक गोष्ट आपल्या या सीमेवरच्या भागापुरती. कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, तांड्यावर गोरमाटी. लेकरू शाळेत येते तेव्हा त्याला मराठी नीट येत नसते. त्याला दुखले-खुपले तर ते कोणत्या शब्दात सांगणार? आपण तर आपल्या घरातही शरीराच्या काही भागांना नावच देत नाही. "शी, तसं बोलू नये," एवढेच शिकवतो. मग एखाद्या दिवशी खरेच काही सांगायचे असते तेव्हा लेकराकडे शब्द नसतो आणि असलेला शब्द घाणेरडा ठरलेला असतो. बदलापूरच्या मुली बोलू शकल्या. आपली लेकरे घरच्या भाषेत, न लाजता बोलू शकतील का, हे ज्याने त्याने आज दुपारी जेवताना आपल्या ताटासमोर बसलेल्या लेकराकडे बघून ठरवावे. आणि लेकरू "मला त्या काकांकडे जायचं नाही" म्हणाले तर "असं म्हणू नये" हे वाक्य गिळून "का रे?" असे विचारावे. कारण काही साधेच निघेल, काकांच्या मिशा टोचत असतील. निघू द्या.

तापाचा प्रश्न राहिला. आजींचा तिसरा. तो मला सुरुवातीला किरकोळ वाटला होता. पण आईबाप दोनशे किलोमीटरवर, आजीला वाचता येत नाही, फोन शेजारच्याचा, अशा लेकराला वर्गात झटका आला किंवा विंचू चावला तर दवाखान्यात न्यायचा निर्णय कोण घेणार? वाट बघत बसण्यात वेळ जातो. शाळेच्या वहीत प्रत्येक लेकरापुढे दोन फोन नंबर, त्याला कोणते औषध चालत नाही ते, आणि आईबाप नसताना शब्द कोणाचा मानायचा त्याचे नाव, एवढे लिहिलेले असले तरी पुरे. याला पैसा लागत नाही.

त्या आजींना मी पुढे एकदा बाजारात गाठले. माझ्या हसण्याबद्दल माफी मागितली. त्यांना ते आठवतही नव्हते. आठवत होते ते एवढेच की उत्तर मिळाले नाही. म्हणाल्या, "मग म्या रोज दुपारी जाऊन खिडकीतून बघून येते. बाई काय म्हनत न्हाईत आता. परवा तर म्हनल्या, आज्जी, आत येऊन बसा की."

त्यानंतर मी ते तीन प्रश्न एका कागदावर लिहून घेतले आणि आपल्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला लावून पाहिले. लेकरांना बाहेर कोण नेते, शिकवणारे उठून गेले तर वर्गात कोण असते, एखाद्याला बरे वाटेनासे झाले तर कोणाला कळवायचे. मला तिन्हींची उत्तरे देता आली नाहीत. गेल्या रविवारी मिस्सेनंतर मागे जाऊन बघून आलो. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, खिडकीला पडदा आहे आणि किल्ली कोणाकडे असते ते तिघांना विचारले तर तिघांनी तीन नावे सांगितली. फादरांना मी हे सांगितले आहे. त्यांनी कडी काढायला सुतार बोलावला आहे. पडद्याचे आणि किल्लीचे काय करायचे ते ठरवायला येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पालकांनी दहा मिनिटे थांबावे. आजींनाही बोलावले आहे.